आक्कांच्या वाटणीचं वचन

साक्ष द्या म्हणे! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एकतीस डिसेंबरला सकाळी अकराच्या सुमाराला स्मिताचा फोन आला. स्मिता म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांची बायको. पोरगी गोड आहे, पण एकदा मागे लागली की सोडत नाही.

"काकू, उद्याच्या उपकारस्तुतीत पहिली साक्ष तुमची हं. वर्षभरात प्रभूने काय काय केलं ते सांगायचं. दोनच मिनिटं."

"दोन मिनिटं कशाला?" मी म्हटलं. "दोन सेकंदांत होईल. सप्टेंबरात नणंद गेली. संपलं. बसा खाली."

ती म्हणाली, "तसं नाही हो. जानेवारीत तुमचा तो रिपोर्ट चांगला आला ना? तेवढं सांगितलंत तरी पुष्कळ. ऐकणाऱ्याला धीर येतो."

"बघू," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या रिपोर्टाचं नाव काढलं की मी विषय बदलते. रिपोर्ट वाईट होता म्हणून नव्हे. चांगला होता म्हणूनच. हे कुणाला सांगणार? सांगितलं तर म्हणतील, उज्वलाबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

आधी आक्कांबद्दल सांगते, म्हणजे कळेल.

शेवंताआक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. माझा नवरा धर्मराज गेला त्याला सतरा वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मग सानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी उरलो, नणंद आणि भावजय. मी तेव्हा रबाळ्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. संध्याकाळी दमून घरी यावं तर आक्का लाल पेन घेऊन बसल्यासारख्या माझ्या चुका काढायच्या. भाजीत मीठ कमी. प्रार्थना फार छोटी. पडदा वाकडा. मी पण काही कमी नाही, एकाला दोन सुनवायचे. सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, आज एकीचा तरी मुडदा पडणार. आणि आठ वाजता आम्ही एकाच ताटलीतले शेंगदाणे खात बातम्या बघत बसलेल्या असायचो. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, त्यातली गत.

पाच वर्षांपूर्वी साखरेने आक्कांचे डोळे नेले. मग पायातली ताकद गेली आणि त्या खाटेला खिळल्या. तेव्हापासून नव्या वर्षाची त्यांची चिठ्ठी मी काढायला लागले.

ही चिठ्ठीची आमच्या मंडळीतली पद्धत आहे. आमची मंडळी लहान, स्वतःचं चर्च नाही. जुईनगरला एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. एक जानेवारीला भक्ती संपली की दाराशी एक टोपली ठेवतात. तिच्यात शास्त्रातली वचनं रंगीत कागदांवर लिहून, गुंडाळून, दोरा बांधून ठेवलेली असतात. एका माणसाने एक काढायची. जे वचन निघेल ते तुमचं वर्षभराचं. कपाटावर चिकटवायचं, अडीअडचणीला वाचायचं. एकदा हातात आली ती चिठ्ठी परत टाकायची नाही, बदलायची नाही. देवाने दिलेलं परत करतात का? पाळकसाहेब दर वर्षी बजावतात, ही लॉटरी नाही, हे भविष्य नाही. आम्ही सगळे माना डोलावतो, आणि दाराबाहेर पडल्या पडल्या एकमेकांना विचारतो, "तुला काय लागलं?"

मी उजव्या हाताने माझी काढायचे आणि डाव्या हाताने आक्कांची. आणि काय सांगू, आक्कांना नेहमी दुधातुपाचं निघायचं! आनंदाचं, भरभराटीचं, शांतीचं. मला मेलं दर वर्षी सोसायचं, नाही तर सुधारायचं. चार वर्षं हे असंच. मी घरी येऊन इमानदारीत वाचून दाखवायचे. आक्का खाटेवरून हसायच्या. "देव माणूस बघून देतो गं, उज्वले."

गेल्या वर्षी मात्र मी चोरी केली.

त्याच्या आधी डिसेंबरात अंघोळ करताना माझ्या छातीला गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट पाच जानेवारीला मिळणार होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आक्कांनाही नाही. त्यांना सांगून काय करायचं? मला काही झालं तर त्यांना पाणी कोण देणार, याच भीतीने त्या अर्ध्या झाल्या असत्या. मी नाताळाच्या करंज्या तळल्या, गॅलरीत तारा लावला, गाणी म्हटली, आणि आतून माझी पाचावर धारण बसली होती.

एक तारखेला दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मी घरी निघाले. एरवी घरी येऊन उघडायचे, पण त्या दिवशी धीर निघेना. रिक्षातच दोरे तोडले. उजव्या हातातलं, म्हणजे माझं वचन होतं धीर धरण्याचं. वाट बघा, सोसा, असं. डाव्या हातातलं आक्कांचं. ते बरं होण्याचं होतं. आजार दूर होण्याचं आणि आयुष्य वाढण्याचं.

मी ती चिठ्ठी मुठीत धरून बसले. सानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी आक्कांची चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली होती आणि माझी बाहेरच्या. एवढंच केलं. कुणी बघितलं नाही. म्हटलं, पाच वर्षांत एकदा. त्यांचे डोळे तर गेलेलेच आहेत, त्या किती बऱ्या होणार?

घरी येऊन मी त्यांना धीराचं वचन वाचून दाखवलं.

"अगं बाई, आणखी धीर?" आक्का म्हणाल्या. "देवाला आता माझ्यासाठी दुसरं काही सुचेना वाटतं." आणि हसल्या.

पाच तारखेला रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मी लिफ्टमध्येच रडले. मंडळीत पेढे वाटले. आक्कांना सगळं सांगितलं, तर त्यांनी माझा हात चाचपून हातात घेतला आणि आधी कडकडून चिमटा काढला. "मला सांगितलं नाहीस होय! एवढी मोठी झालीस होय!" चिमटा काढून झाल्यावर तोच हात त्यांनी गालाला लावून धरला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. पण म्हटलं, एवढ्या आनंदात कशाला, उद्या सांगू.

तो उद्या काही आला नाही. एप्रिलात आक्कांच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा वाशीला न्यायचं, चार-चार तास सुया लावून बसायचं. घरी आणलं की त्या म्हणायच्या, "उज्वले, माझं वचन वाच गं." आणि मी वाचायचे. धीराचं. त्यांचं नव्हतंच ते. माझं, त्यांच्या गळ्यात बांधलेलं. जुलैपर्यंत ते त्यांना पाठ झालं. सप्टेंबरात शेवटच्या दिवशी नळ्यांच्या आडून ओठ हलत होते. नर्सला वाटलं, पाणी मागतायत. मला माहीत होतं काय म्हणतायत. माझं वचन तोंडात घेऊन गेल्या आणि त्यांचं माझ्या कपाटावर चिकटलेलं राहिलं.

मला कळतं, मी काही खुळी नाही. कागदाच्या चिठ्ठीने कुणाची गाठ विरघळत नाही आणि कुणाच्या किडन्या बंद पडत नाहीत. पण हे दुपारी दोन वाजता कळतं. पहाटे जाग आली, पलीकडची खाट रिकामी दिसली की नाही कळत. तेव्हा वाटतं, हे जे वर्ष मी जगले ते आक्कांच्या वाटणीचं. आणि आता उभं राहून त्याचे उपकार मानायचे? चोरून आणलेल्या भाकरीवर कुणी प्रार्थना करतं का?

म्हणून मी ठरवलं. उभी राहिले तर खरं सांगेन, सगळ्यांसमोर. मग म्हणू देत काय म्हणायचं ते. चार महिने घरात भिंतींशी बोलून मला वीट आला होता. हे एकदा कुणीतरी ऐकायला हवं होतं, नाही तर नवं वर्षही मी चोरासारखंच काढणार होते.

एक तारखेला आक्कांची मोरपिशी साडी नेसून गेले. हॉल भरला होता. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, वर कागदी पताका, बसायला पोरांची बाकं. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागतात त्या बाकांवर. माझ्या शेजारी सुंदराबाई येऊन बसल्या. आक्कांच्या शाळेतल्या जुन्या मैत्रीण. त्यांनी साडीचा पदर बोटात धरून बघितला.

पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. आवाज ठणठणीत निघाला.

"गेल्या वर्षी आजच्या दिवशी माझ्या छातीत गाठ होती," मी म्हणाले. "घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पाच तारखेला रिपोर्ट आला. कॅन्सर नाही म्हणाले."

इथे मी श्वास घ्यायला थांबले. पुढचं वाक्य जड होतं हो. 'पण त्या दिवशी मी माझ्या आंधळ्या नणंदेला फसवलं', हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं.

आणि आमचे आप्पा! आप्पा म्हणजे आमचे पेटीवाले, तुर्भ्याच्या मार्केटात तीस वर्षं हमाली केलेला माणूस. हाताला दम आहे आणि मनाला बिलकुल नाही. प्रत्येक साक्षीनंतर गाण्याचं एक कडवं म्हणायचं अशी आमची रीत. आप्पांनी 'कॅन्सर नाही' ऐकलं, मी थांबलेली बघितली, आणि भाता उचलला. "हालेलुया बोला!" म्हणून पेटीवर अशी काही बोटं टाकली की ढोलकीवाला दचकून उठला. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

"आप्पा, थांबा! माझं व्हायचंय!" मी ओरडले.

"व्हय, व्हय, आनंद हाय!" आप्पा तिकडून ओरडले आणि दुसरं कडवं धरलं.

माझ्या समोरची बाई वळून माझे हात धरून रडायला लागली. तिच्या बहिणीला तसलीच गाठ होती म्हणे. तिला काय सांगू, बाई गं, सोड माझे हात, मी चोर आहे? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गाणं संपलं तोवर पाळकसाहेबांनी पुढचं नाव घेतलं होतं. एका मुलाला नोकरी लागली होती, तो उभा राहिला. मी खाली बसले. आयुष्यात एवढ्या माणसांत बसून एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

भक्ती संपल्यावर रांग लागली. टोपली स्मिताच्या हातात होती. माझी पाळी आली तेव्हा माझं लक्षच नव्हतं. मनात अजून ते अर्धं वाक्य फिरत होतं. हात आपोआप गेले. उजवा गेला, मागोमाग डावा गेला.

"काकू," स्मिता हळूच म्हणाली, "एकच."

मी दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग डावी चिठ्ठी टोपलीत टाकायला गेले, तर स्मिताने टोपली पटकन मागे घेतली. तिचा हात आपोआप गेला असणार, पोरांना तेच शिकवते ती दर वर्षी. काढलेली परत नाही टाकायची. मग तिचं तिलाच कसंतरी झालं. पाळकसाहेब शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "असू द्या काकू. आक्कांची समजा."

"मेलेल्या माणसाला काय करायचंय वचन?" मी म्हणाले. केवढ्यांदा म्हणाले! रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बिचाऱ्या पाळकसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांचा काय दोष? सुंदराबाईंनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "सवयच ती."

स्मिता चहा घेऊन मागे आली. "काकू, जेवायला आमच्याकडेच चला. मटण केलंय."

"माझ्याकडे पण मटण आणून ठेवलंय," मी म्हटलं. घरात कांदे आणि दोन अंडी होती. पण तिच्या घरच्या पोराबाळांत बसून जेवायचं आणि चार वाजता पुन्हा कुलूप उघडायचं, त्यापेक्षा आत्ताच उघडलेलं बरं.

घरी आले. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी पूजा होती, शिऱ्याचा वास जिन्यात भरला होता. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि आक्कांच्या खाटेवर बसले. गादी मी गुंडाळून ठेवली आहे, नुसती खाट आहे. दोन्ही चिठ्ठ्या मांडीवर घेतल्या. उजवी गुलाबी, डावी पिवळी.

गुलाबी उघडली. जिभेला आवर घालण्याचं वचन होतं. मला हसूच आलं. पाळकसाहेबांवर तोंड टाकून अर्धा तास झाला नव्हता! मग पिवळी उघडली. आक्कांची. जाता-येता सांभाळण्याचं, दिवसाउजेडी आणि रात्री-अपरात्री राखण करण्याचं. परत दुधातुपाचं. माणूस गेलं तरी वाटणी तीच!

"घ्या आक्का!" मी मोठ्याने म्हणाले. "परत तुम्हालाच! आणि मला बघा काय—"

त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, बरोबर मिळालंय तुला, घे पाठ कर. आणि मी म्हणाले असते, तुमच्यापासूनच शिकलेय जीभ चालवायला.

दोन चिठ्ठ्या घेऊन मी बसून राहिले. बाहेर सोसायटीची पोरं क्रिकेट खेळत होती. मनात आलं, आता चिठ्ठ्या बदलल्या तर कोण विचारणार आहे? पिवळी माझी म्हटली की माझी झाली. फसवायला सुद्धा कुणी उरलेलं नाही. तेव्हा मला रडू फुटलं. दवाखान्यात नाही, मातीच्या वेळी नाही, आत्ता, नव्या वर्षाच्या भर दुपारी, असं रडू फुटलं की खाट हलत होती.

रडून झाल्यावर मी तोंड धुऊन आले. पुन्हा बसले, पदर डोक्यावरून घेतला. आधी पिवळी चिठ्ठी वाचली. "आक्का, हे तुमचं," म्हटलं. मग गुलाबी. "हे माझं." आणि मग जे हॉलमध्ये सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. गाठ, रिक्षा, सानपाड्याचा सिग्नल, पर्सचा आतला कप्पा. काही गाळलं नाही. "तुमचं वचन बरं होण्याचं होतं आक्का, ते मी घेतलं. मी घाबरले होते. तुमची चिठ्ठी माझ्या कपाटावर लावून मी वर्षभर मिरवली आणि माझं ओझं तुमच्याकडून पाठ करून घेतलं. मला माफ करा." भिंतीपलीकडे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. यापूर्वी एवढं खरं मी या घरात कधी बोलले नव्हते, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

मग मी डोळे मिटले. म्हटलं, प्रभू, तू तरी ऐकलंस ना? आप्पांनी तुला पण ऐकू दिलं नसेल तर पुन्हा सांगते. माझ्या रिपोर्टाबद्दल तुझे उपकार मानायला माझी जीभ अजून वळत नाही. ते तुझं माझं नंतर बघू. पण आक्का होत्या, त्याबद्दल उपकार. माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला रोज कुणीतरी होतं, त्याबद्दल उपकार. माझी गाठ ऐकून जिने आधी चिमटा काढला आणि मग हात गालाला लावला, ती बाई तू मला सतरा वर्षं दिलीस. मी चोरायच्या आधीच तू मला पुष्कळ दिलं होतंस. त्याबद्दल उपकार, प्रभू. मनापासून.

"आमेन," म्हणाले.

रोज संध्याकाळी आमचा आमेन एकदम व्हायचा नाही. आक्का मागून म्हणायच्या, सावकाश, शेवटचं अक्षर लांबवून, जणू माझी प्रार्थना तपासून खाली सही करतायत. मी चिडायचे त्यावर.

आज मी थोडा वेळ तशीच डोळे मिटून थांबले. मग उठले आणि भात टाकला.